बुद्धी जन्मजात की शिकलेली? ‘आडातच नाही’ म्हणण्याआधी हे वाचा



लहान मुलांच्या डॉक्टरकडे पालक येतात ते ताप, खोकला नाहीतर लसीसाठी. पण उठून दाराशी गेल्यावर बरेच जण हळूच एक प्रश्न विचारतात. “डॉक्टर, याचं डोकं मुळातच कमी आहे का हो?” मूल शेजारीच उभं असतं आणि ऐकत असतं.

या प्रश्नाचं उत्तर आपल्या म्हणींनी कधीच देऊन ठेवलं आहे. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?’ ‘मुलाचे पाय पाळण्यात दिसतात.’ ‘पालथ्या घड्यावर पाणी.’ तिन्ही म्हणींचा अर्थ एकच. जे आहे ते जन्मतःच ठरलेलं आहे, आता फार काही होणार नाही.

माझं म्हणणं याच्या उलट आहे. ‘बुद्धी जन्मजात की शिकलेली’ हा वाद आपण मुलासाठी घालत नाही, स्वतःच्या सुटकेसाठी घालतो. ‘जन्मजात’ म्हटलं की शाळा सुटते, सरकार सुटतं, आणि आपणही सुटतो. ‘सगळं मेहनतीवर आहे’ म्हटलं की दोष मुलाच्या माथी मारता येतो. दोन्ही वेळा अडकतं ते मूलच.

आधी जनुकांचं खरं काय ते बघू

बुद्धीत आनुवंशिकतेचा वाटा आहे. तो नाकारण्यात अर्थ नाही. जुळ्या आणि दत्तक मुलांवर अनेक देशांत अभ्यास झाले आहेत. त्यांवरून असं दिसतं, की लोकांच्या बुद्ध्यंकात जो फरक असतो त्याचा साधारण निम्मा भाग जनुकांच्या फरकाशी जोडता येतो. लहान वयात हा वाटा कमी असतो आणि मोठेपणी वाढतो. ‘हुशारीचं जनुक’ असं एखादंच जनुक नसतं. हजारो जनुकांचा प्रत्येकी अगदी किंचित परिणाम असतो.

पण ‘निम्मा भाग’ याचा अर्थ तुमच्या मुलाची निम्मी बुद्धी तुमच्याकडून आली आणि निम्मी शाळेकडून, असा होत नाही. हा आकडा एका समूहाचा असतो, एका विशिष्ट परिस्थितीतला असतो. एका मुलाबद्दल तो काहीच सांगत नाही.

अमेरिकन जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७० साली बियाण्याचं एक उदाहरण दिलं होतं. ते आपल्या शेतात आणून बघा. एकाच पोत्यातली ज्वारी घ्या. एक मूठ काळ्या कसदार जमिनीत पेरा आणि वेळेवर पाणी द्या. दुसरी मूठ मुरमाड माळावर टाका. काळ्या जमिनीतल्या ताटांमध्ये जो उंचसखलपणा दिसेल तो बियाण्यातल्या फरकामुळे, कारण माती-पाणी सगळ्यांना सारखंच मिळालं. माळावरच्या ताटांचंही तसंच. पण दोन्ही शेतांमधला फरक? तो पूर्णपणे मातीचा. माळावरच्या ताटाकडे बघून ‘बियाणंच खराब’ म्हणणाऱ्याला आपण शेतकरी म्हणणार नाही. मुलांच्या बाबतीत मात्र हेच वाक्य आपण रोज बोलतो.

उंचीचं बघा. उंची तर बुद्धीपेक्षाही जास्त आनुवंशिक. तरीही दक्षिण कोरियातल्या बायकांची सरासरी उंची शंभर वर्षांत सुमारे २० सेंटीमीटरने वाढली. शंभर वर्षांत जनुकं बदलत नसतात. बदललं ते ताट, पाणी आणि आजारपण.

‘जैविक’ म्हणजे ‘न बदलणारं’ नव्हे

सगळ्यात मोठा गैरसमज इथे आहे. एखादी गोष्ट शरीरातली आहे असं कळलं की लोक हात टेकतात. डॉक्टरच्या दृष्टीने उलट आहे. शरीरातलं कारण सापडलं, म्हणजे पुष्कळदा उपाय सापडण्याची शक्यता वाढली.

फिनाइलकीटोन्युरिया नावाचा एक आजार आहे. तो शंभर टक्के आनुवंशिक आहे. अन्नातल्या प्रथिनांमधला एक घटक या मुलांच्या शरीराला पचवता येत नाही. तो साचत जातो आणि मेंदूला इजा करतो. नॉर्वेतले डॉक्टर आसब्यॉर्न फॉलिंग यांनी १९३४ साली हा आजार ओळखला. तोपर्यंत या मुलांना ‘जन्मतः मंदबुद्धी’ म्हणत आणि विषय संपत असे. १९५० च्या दशकात डॉक्टरांनी त्यांना तो घटक अगदी कमी असलेला आहार देऊन पाहिला. आज जन्मल्यावर लगेच निदान झालं आणि पथ्य सांभाळलं, तर हे मूल इतर मुलांसारखंच शाळेत जातं, शिकतं. जनुक तेच आहे. बदललं फक्त जेवण.

हा आजार आपल्याकडे क्वचित दिसतो. पण थायरॉइडची जन्मजात कमतरता तशी क्वचित नाही. भारतात साधारण हजार-बाराशे बाळांमागे एका बाळाला ती असते. जन्मल्यावर बाळ बहुतेक वेळा अगदी ठीक दिसतं. शांत असतं, झोपाळू असतं, म्हणून घरचे कौतुक करतात, “किती गुणी आहे, त्रासच देत नाही.” आणि त्याच दिवसांत थायरॉइडविना मेंदूची वाढ खुंटत असते. पहिल्या दोन आठवड्यांत थायरॉक्सिनची गोळी सुरू झाली, तर बहुतेक बाळांची बुद्धी इतरांसारखी वाढते. काही महिने उलटले, की गेलेलं पूर्ण भरून येत नाही.

या बाळाचा आड कोरडा होता का? नाही. रक्ताचे चार थेंब तपासायचे राहून गेले, एवढंच. अनेक देशांत ही तपासणी प्रत्येक बाळाची होते. गोव्यात २००८ साली सरकारी पातळीवर नवजात तपासणीचा कार्यक्रम सुरू झाला होता. देशभर मात्र ती अजून प्रत्येक बाळापर्यंत पोहोचलेली नाही. प्रत्येक आईवडिलांनी याचा जाब विचारला पाहिजे.

आता मिठाकडे वळू. थायरॉइडला आयोडीन लागतं. गरोदरपणात ते कमी पडलं, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला फटका बसतो. आयोडीनची तीव्र कमतरता असलेल्या भागांतल्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ७ ते १३ गुणांनी कमी भरतो, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित पाहणीत दिसलं आहे. हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामी आणि सहकाऱ्यांनी १९५६ पासून मिठात आयोडीन घालून पाहिलं आणि गलगंड झपाट्याने कमी झाले. त्यातूनच १९६२ साली राष्ट्रीय कार्यक्रम उभा राहिला. बिनआयोडीनच्या खाण्याच्या मिठावरची बंदी २००० साली केंद्र सरकारने उठवली आणि २००६ साली पुन्हा लागू केली.

आणि आज? सुशिक्षित घरांत ‘नैसर्गिक’ म्हणून सैंधव नाहीतर गुलाबी मीठ येतंय. त्यात बहुधा आयोडीन घातलेलं नसतं. उपवासाला चिमूटभर खाल्लं तर बिघडत नाही. पण घरात गरोदर बाई आहे आणि रोजच्या भाजी-आमटीत तेच मीठ पडतंय, तर नंतर बाळाच्या बुद्धीची चर्चा करताना त्या बरणीकडेही बघा.

लोहाचं तसंच. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातली पाच वर्षांखालची सुमारे ६७ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. याच पाहणीत ३५ टक्क्यांहून जास्त मुलांची उंची वयाच्या मानाने खुंटलेली होती. अशा मुलाचं लक्ष लागत नाही, ते लवकर थकतं, चिडतं. बाई लिहितात, ‘अभ्यासात लक्ष नाही.’ लहान वयात लोहाची कमतरता फार काळ राहिली, तर पुढे हिमोग्लोबिन वाढलं तरी मेंदूवरचा परिणाम काही अंशी मागे राहू शकतो.

शिसं हे आणखी एक. जुना रंग, बॅटऱ्या वितळवण्याची ठिकाणं, काही प्रकारचं कुंकू-शेंदूर, भेसळीची हळद यांतून ते मुलांच्या पोटात जातं. युनिसेफच्या २०२० च्या अहवालानुसार भारतातल्या सुमारे साडेसत्तावीस कोटी मुलांच्या रक्तात शिशाचं प्रमाण ठरवलेल्या मर्यादेपेक्षा जास्त असावं. शिशाने बुद्धी घटते आणि गेलेली सहसा परत येत नाही.

थायरॉइड, आयोडीन, लोह, शिसं, सगळंच जैविक. पण यातलं ‘नशीब’ किती आहे, तुम्हीच सांगा.

आणि शिकलेल्या कल्पना?

भरलेला मेंदू आणि शिकलेला मेंदू यांतही फरक आहे. ४७ ला ३८ ने गुणायचं असेल, तर आज चौथीतलं मूल ते कागदावर करतं. स्थानिक किंमत आणि शून्य या कल्पना ज्यांच्याकडे नव्हत्या, त्या प्राचीन रोममधल्या विद्वानाला यासाठी मणिचौकटीचा आधार घ्यावा लागे. चौथीतलं मूल त्या विद्वानापेक्षा बुद्धिमान आहे का? नाही. त्याच्या हाती चांगलं हत्यार आहे, एवढंच. आपल्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी तोंडपाठ होती. बाजारात ते तोंडी हिशेब करत आणि आपण मोबाईल काढतो. जनुकं तीच आहेत, शिकवण वेगळी.

रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर लुरिया १९३१-३२ साली उझबेकिस्तानातल्या खेड्यांत गेले. निरक्षर शेतकऱ्यांना त्यांनी कोडं घातलं. दूर उत्तरेला, जिथे बर्फ असतं, तिथे सगळी अस्वलं पांढरी असतात. अमुक गाव दूर उत्तरेला आहे. तिथली अस्वलं कोणत्या रंगाची? उत्तर साधारण असं यायचं, की मी तिथे गेलो नाही, जो गेला असेल त्याला विचारा. आजच्या बुद्धिमापन चाचणीत याला शून्य गुण. पण हे शेतकरी कापूस पिकवत होते, पाणी वाटून घेत होते, व्यवहार करत होते. न पाहिलेल्या गोष्टीबद्दल केवळ शब्दांवरून निष्कर्ष काढायचा, ही सवय शाळेत लागते. थोडंफार शिकलेले त्याच भागातले लोक हे कोडं सोडवत होते.

शाळेचा परिणाम मोजलाही गेला आहे. नॉर्वेने १९६० च्या दशकात सक्तीचं शिक्षण ७ वर्षांवरून ९ वर्षांवर नेलं. पुढे लष्करभरतीच्या चाचण्या तपासल्या, तेव्हा जास्तीच्या प्रत्येक वर्षामागे बुद्ध्यंक सुमारे ३.७ गुणांनी वाढलेला दिसला. २०१८ साली सहा लाखांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. त्यात शिक्षणाच्या एका वर्षामागे १ ते ५ गुणांची वाढ निघाली. न्यूझीलंडचे अभ्यासक जेम्स फ्लिन यांनी दाखवलं, की १९३२ ते १९७८ या काळात अमेरिकनांचे बुद्धिचाचणीतले गुण सुमारे १४ ने वाढले. इतक्या थोड्या काळात जनुकं बदलत नाहीत.

मायेचंही मोजमाप झालंय. रुमानियाच्या अनाथालयांतल्या १३६ लहान मुलांपैकी निम्मी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, पालक कुटुंबांत ठेवली. साडेचार वर्षांची झाल्यावर कुटुंबातल्या मुलांचा बुद्ध्यंक संस्थेतल्या मुलांपेक्षा सरासरी सुमारे ८ गुणांनी जास्त होता. दोन वर्षांच्या आत कुटुंबात गेलेल्यांना फायदा सर्वांत जास्त. जमैकात तर आरोग्यसेविका आठवड्यातून एक तास खुंटलेल्या मुलांच्या घरी जायच्या आणि आईला मुलाशी खेळायला, बोलायला शिकवायच्या. हे दोन वर्षं चाललं. वीस वर्षांनी या मुलांची कमाई तशी भेट न मिळालेल्या मुलांपेक्षा २५ टक्क्यांनी जास्त होती.

तेव्हा, भाकरी पिठाने होते की आगीने, हा प्रश्न जितका अर्थाचा, तितकाच ‘जन्मजात की शिकलेली’ हा प्रश्न अर्थाचा.

शिक्का मारणाऱ्यांचा इतिहास

बुद्धीची पहिली उपयोगी चाचणी फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि त्यांचे सहकारी सिमॉन यांनी १९०५ साली केली. कोणत्या मुलांना शाळेत जास्त मदत हवी हे कळावं, हा तिचा हेतू होता. बुद्धी ही न बदलणारी राशी आहे असं मानणाऱ्यांवर बिने यांनी स्वतःच टीका केली होती. पण चाचणी अटलांटिक ओलांडून गेली आणि मदतीच्या यादीचा शिक्का झाला.

अमेरिकेत १९२७ साली सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियातल्या कॅरी बक या तरुणीची सक्तीने नसबंदी करायला मान्यता दिली. कारण काय, तर तिची आई मंदबुद्धी, ती मंदबुद्धी आणि तिची तान्ही मुलगीही तशीच. ही मुलगी, व्हिव्हियन, पुढे शाळेत गेली आणि तिचं नाव गुणवंतांच्या यादीत लागलं. आठव्या वर्षी ती आजाराने गेली. ‘पाळण्यात पाय’ बघणाऱ्या न्यायाधीशांना ते पाय दिसलेच नव्हते. पुढच्या काही दशकांत अशा कायद्यांखाली अमेरिकेत साठ हजारांहून अधिक लोकांची नसबंदी झाली.

आपल्याला लांब जायची गरज नाही. ‘त्यांच्या रक्तातच नाही’ हे वाक्य आपल्याकडे जातीवरून आणि मुलीच्या जन्मावरून शेकडो वर्षं बोललं गेलं. पुण्यात फुले दांपत्याने शाळा उघडल्या आणि अवघ्या काही वर्षांत, १८५५ साली, मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. आपल्या समाजावरच्या अन्यायाचा इतका रोखठोक जाब आजही फार थोडे लोक विचारू शकतील. आडात पाणी होतंच. आडावर जायला बंदी होती.

दुसरं टोकही तितकंच घातक

म्हणून कुणी म्हणेल, “मग मेहनत केली की कुणीही काहीही होतं.” नाही. मुलांमुलांत फरक असतात आणि राहणार. अक्षरं उलटी दिसतात म्हणून रडणाऱ्या मुलाला दहा वेळा लिहायला लावून त्याची वाचन-अक्षमता जात नाही. त्याला वेगळी शिकवण लागते. विशिष्ट अध्ययन अक्षमता २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे आणि आपल्या राज्य मंडळाच्या परीक्षेत त्यासाठी सवलतीही आहेत. डाऊन सिंड्रोमचं मूल त्याच्या वेगाने शिकतं, आणि नक्की शिकतं. पहाटे पाचपासून रात्री दहापर्यंत क्लासला जुंपलेलं मूल मात्र झोप गमावतं, आणि शिकलेलं डोक्यात पक्कं होतं ते झोपेतच.

मग तुम्ही काय करायचं?

आधी, काय करू नका ते सांगतो.

- बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्या चाचण्यांवर हजारो रुपये घालवू नका. ठसे आईच्या पोटात चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत ठरून जातात आणि पुढे बदलत नाहीत. काही गुणसूत्रांच्या आजारांत तळहाताच्या रेषा वेगळ्या असतात, हे खरं. तेवढ्या धाग्यावर हा सगळा धंदा उभा आहे.
- डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणाऱ्या ‘मिडब्रेन’ वर्गांना जाऊ नका. ती मुलं नाकाजवळच्या फटीतून बघतात.
- निरोगी मुलाचे गुण टॉनिकने वाढतात याला भक्कम पुरावा नाही.

आता करायचं ते. यातलं बरंचसं स्वस्त किंवा मोफत आहे.

- बाळ जन्मल्यावर ४८ ते ७२ तासांत टाचेच्या रक्ताची थायरॉइड तपासणी मागून घ्या. कानांची तपासणीही करून घ्या. ऐकू न येणारं मूल पुष्कळदा ‘ढ’ ठरतं.
- गरोदरपणात आणि घरात रोज आयोडीनयुक्त मीठ वापरा. बरणी झाकून, शेगडीपासून दूर ठेवा. मीठ जास्त खाऊ नका, पण जे खाल ते आयोडीनचं असू द्या.
- सहा महिन्यांनंतर वरचं अन्न वेळेत सुरू करा. दिवसभर दुधाच्या बाटल्या आणि चहा दिल्याने लोह कमी पडतं. अंगणवाडीत आणि शाळेत मिळणारं लोहाचं औषध आणि जंताची गोळी चुकवू नका.
- मूल अभ्यासात मागे पडलं, तर शिकवणी लावण्याआधी डोळे, कान, हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि झोप तपासा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं शाळा-अंगणवाड्यांत येतात. अनेक जिल्हा रुग्णालयांत त्यासाठी वेगळं केंद्रही आहे.
- लहान मुलाशी बोला, त्याला गोष्ट सांगा, त्याच्याशी खेळा. मोबाईल त्याच्याशी बोलत नाही, फक्त आवाज करतो.
- मुलीची शाळा सातवी-आठवीत सोडवू नका. शाळेचं प्रत्येक वर्ष बुद्धीत भर घालतं, हे आकडे वर वाचलेच आहेत.
- आणि मुलासमोर ‘ढ’ हा शब्द वापरणं आजपासून बंद करा.

‘ढ’ म्हणण्यामागचं कारण सांगतात, की ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरं बदलली, ‘ढ’ तेवढा तसाच राहिला. म्हणजे ज्याच्यात काही बदल होत नाही तो ‘ढ’. ही व्याख्या मला मान्य आहे. पण ती मुलांना लागू होत नाही. मुलाचा मेंदू तर रोज बदलत असतो. इतकी माहिती समोर असूनही ज्यांचं मत बदलत नाही, त्या मोठ्यांना ती लागू होते.

आडात पाणी नाही असं वाटलं, तर आपला शेतकरी पोहऱ्याला शिव्या देत नाही. तो गाळ काढतो, झरे मोकळे करतो, पाऊस अडवतो. तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी पाळणा हलणार असेल, तर हा लेख त्यांच्यापर्यंत जरूर पोहोचवा. टाचेच्या रक्ताची ती तपासणी वेळेतच व्हायला हवी.